मधल्या खोलीतला पेशंट

"ह्याला ताप आहे, जावईबापू."

सासूबाई न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हाताची पालथी बाजू माझ्या ड्रमच्या झाकणावर. बाहेर अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन. अंगणातली कुत्री पाण्याच्या टाकीच्या सावलीतून हलायला तयार नव्हती, आणि पत्र्याच्या त्या न्हाणीघरात मी लुंगी-बनियनवर घामानं निथळत, ड्रमला गुंडाळलेल्या चादरीवर तांब्यातांब्यानं पाणी ओतत बसलो होतो.

मी म्हणालो, ताप कसा असेल, वीस डिग्री दाखवतंय. चादर बाजूला करून ड्रमला चिकटवलेला चपटा थर्मामीटर दाखवला. माशांच्या काचेच्या पेटीला लावतात तसला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कपाळावर गार पाण्याची घडी ठेवायची आणि त्या घडीखालीच ताप मोजायचा. असं कोणी शिकवलं तुम्हाला?"

मी चादर परत सारखी केली. ड्रमच्या झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती, आणि त्या बाटलीत इतका बुडबुडाट चालला होता की पाणी उकळतंय असं वाटावं. सकाळपासून मी त्या आवाजावर खूश होतो. सासूबाई मात्र मान तिरकी करून तो ऐकत राहिल्या. सरकारी दवाखान्यात आणि मेळघाटातल्या आरोग्य केंद्रांत आयुष्यभर नर्स म्हणून राबलेली बाई. गल्लीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांच्या त्या सिस्टर ढोमणे.

"धाप लागली आहे त्याला," त्या म्हणाल्या आणि बादली तिथेच ठेवून घरात गेल्या.

त्या ड्रममध्ये बीअर होती. म्हणजे अजून झाली नव्हती, होत होती. घरी बीअर करायला कायद्याची परवानगी असते का, असं कोणी मला विचारलं की मी आजही विषय बदलतो, तेव्हा तुम्हीही विचारू नका.

तर मी मूळचा कऱ्हाडकडचा, खराडे. शिक्षण अन्नप्रक्रियेचं, नोकरी नाशिकजवळ वाइनच्या एका छोट्या कारखान्यात. तो कारखाना बसला. नेमकी त्याच वेळी बायको पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी अमरावतीला निघालेली. नाशिकचं भाड्याचं घर सोडलं आणि मीही तिच्या मागोमाग सासरी येऊन पडलो. जावई दोन दिवस आला तर त्याचं कौतुक असतं. सामान घेऊन आला की गल्ली त्याच्याकडे निराळ्या नजरेनं बघते. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण समोरच्या वानखडे काकू रोज न चुकता विचारायच्या, "काय मग, सुट्टी वाढवली वाटते?"

अशात पुण्याच्या कोठावळ्यांचा फोन आला. हा माणूस स्वतःची बीअर स्वतः गाळणारं हॉटेल काढणार होता आणि त्याला ती करणारा हवा होता. फोनवर त्यानं माझं शिक्षण विचारलं नाही की अनुभव विचारला नाही. म्हणाला, थंडीत कोणीही बरी बीअर करतो. तुम्ही विदर्भात आहात ना? मग मे महिन्यात करून दाखवा. मी नागपूरचं काम आटोपून परतताना तुमच्याकडे थांबतो. मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्सची कडू वाळकी फुलं आणि यीस्टचं एक पाकीट त्यानं पार्सलनं पाठवलं. एकाच घाण्यापुरतं. बिघडलं तर दुसरी संधी नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

आता हे सासूबाईंना सांगायचं होतं, आणि तिथेच माझं घोडं पेंड खात होतं. कारण माझे सासरे भाऊराव ढोमणे हे शाळेत चित्रकला शिकवणारे, हातात जादू असलेले गृहस्थ दारूपायी गेले होते. कल्याणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नाआधीच मला सगळं सांगितलं होतं. दुसऱ्यांची सलाइनं लावून घरी आलेली आई नवऱ्याला गटाराच्या कडेवरून उचलून आणायची. शेवटची वर्षं ते मधल्या खोलीत पडून होते आणि त्यांचं सगळं तिनंच केलं. वाइनच्या कारखान्यातला जावई तिनं करून घेतला तो केवळ लेकीच्या हट्टापायी.

मी सांगितलं. लपवून करायची माझी छाती नव्हती. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"दोन गोष्टी ऐका," त्या म्हणाल्या. "ती वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि नोकरी लागली तर तुम्ही खुशाल जा पुण्याला. पण कल्याणी आणि बाळ इथेच राहतील. दारूच्या घरात एका बाईनं संसार केला, तेवढं पुरे झालं."

कल्याणी काही बोलायला गेली तर म्हणाल्या, तू गप बैस, तुझं पोट सांभाळ. संपलं. म्हणजे नोकरी नाही मिळाली तर मी सासरी पडीक, आणि मिळाली तर बायको-पोराला मुकणार. रात्री कल्याणी म्हणाली, "आधी नोकरी तर लागू दे. आईचं मी बघते." पण तिच्या आवाजात जोर नव्हता. आई एकदा बोलली की बोलली, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

म्हणून ते न्हाणीघर. अंगणाच्या टोकाला, उंबऱ्याच्या बाहेर, पत्र्याचं.

बीअरचं सगळं गणित गरमीत अडकलेलं असतं. उकळून गार केलेल्या बार्लीच्या गोड पाण्यात यीस्ट सोडलं की ते साखर खायला लागतं, आणि खाता खाता स्वतःच तापतं. तापलं की बेताल होतं. मग बीअरला नखांचं पॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो आणि पिणाऱ्याचं डोकं दुसऱ्या दिवशी ठणकतं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सांभाळले तर सांभाळले, नंतर काही उपाय नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं हो. नाशिकला स्टीलच्या टाक्यांभोवती गार पाणी फिरायचं, एक खटका फिरवला की काम झालं. इथे माझ्याकडे घमेल्यात ठेवलेला ड्रम, एक ओली चादर आणि एक टेबलफॅन. झाकण उघडलं तर आत काहीबाही जाईल या भीतीनं मी बाहेरून मोजत होतो, आणि वीस बघून मनात मांडे खात होतो.

सासूबाई परत आल्या त्या वाफाळतं पातेलं घेऊन. त्यात एक लांब दांड्याचा, गोल तबकडीचा थर्मामीटर बुडवलेला. लसींच्या पेट्या सांभाळायचं त्यांचं प्रशिक्षण झालं होतं, तेव्हा बक्षीस मिळालेला. उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी तो हवेत धरला, निवू दिला, आणि मला नळी काढायला सांगितली. नळीच्या भोकातून दांडा आत गेला. काटा वर चढत गेला आणि सत्तावीसच्या पुढे जाऊन थांबला.

आणि वेळ बघा, त्याच क्षणी टेबलफॅन गरगरत गरगरत थांबला. भारनियमन. आता तिन्हीसांजेशिवाय वीज यायची नव्हती.

मी उठलो आणि चपला शोधायला लागलो. बर्फ आणतो, लादीच्या लादी आणतो आणि घमेल्यात ओततो, असं काहीतरी बडबडत होतो. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"एकदम बर्फ नाही. हुडहुडी भरेल त्याला."

मग त्यांनी मला पेशंटचा नातेवाईक असल्यासारखं समोर बसवून एकेक विचारलं. किती हवं? वीसच्या आसपास. कधीपासून चढलं असेल? सकाळपर्यंत तर बुडबुडे साधेच होते, त्यानंतरच. म्हणजे उशीर झालेला नाही? माझ्या मते नाही. आणि एकदम गार केलं तर काय होतं? मी म्हणालो, यीस्ट घाबरून झोपी जातं, तळाशी बसतं, अर्धी साखर तशीच राहते.

"जिवंत असते का ही वस्तू?"

"हो. जिवंतच असते."

"लसही तशीच. तापली तरी वाया, गोठली तरी वाया." त्या उठल्या. "मेळघाटात मे महिन्यात पेटी खांद्याला लावून पायी जायचो आम्ही. बर्फाची पाकिटं पेटीत टाकायच्या आधी बाहेर ठेवायची, त्यांना घाम फुटला की मगच आत. तोवर लसीला हात लावायचा नाही." पदर खोचला. "उचला. आत आणा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आत म्हणजे?"

"मधल्या खोलीत. ह्या पत्र्याखाली धडधाकट माणूस जगायचा नाही."

मधली खोली म्हणजे त्या घराची सगळ्यांत जुनी खोली. कच्च्या विटांच्या जाड भिंती, उत्तरेला एकच खिडकी, घरात त्याहून थंड जागा नव्हती. तिथेच भाऊराव पडून असायचे. तिथेच त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. ड्रम छातीशी धरून मी उंबऱ्याशी आलो आणि माझे पाय अडखळले. कल्याणी आपलं जड पोट सावरत दारात उभी होती आणि आईकडे बघत होती. सासूबाईंनी आम्हा दोघांकडे लक्षच दिलं नाही. त्या पुढे गेल्या, फोटो खिळ्यावरून न काढताच फिरवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

"ह्यांना दिसायला नको," त्या म्हणाल्या. "उगाच जीव जायचा."

कल्याणीला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. मी मुकाट्यानं ड्रम टेकवला.

त्यानंतर त्या बाईनं जे केलं ते मी पुढे मोठमोठ्या टाक्यांवर काम करतानाही विसरलो नाही. घरातली सगळी गोणपाटं काढली, भिजवली आणि खिडकीवर दुहेरी टांगली. बाहेरची लू त्या गोणपाटांतून आत यायची ती गार होऊन. घमेल्याच्या जागी धुण्याचा मोठा टब आणला, ड्रम अर्ध्यापर्यंत पाण्यात. त्यावर पातळ सुती लुगड्याची एकच घडी, कारण चादर जाड आणि जाड कापडातून वाफ निघत नाही. माझ्या हातात विणलेला पंखा दिला आणि सांगितलं, बाजूनं घाला वारा, वरून नाही. आणि बर्फ आणायला मला पाठवलं नाही, छत्री घेऊन स्वतः निघाल्या. म्हणाल्या, तुम्ही गेलात तर घाईत लादी उघडीच आणाल आणि घरी येईपर्यंत नुसतं पाणी.

चौकात रसवंती होती. उसाच्या रसासाठी तिथे बर्फाची लादी भुशात गाडून ठेवलेली असायची. रसवंतीवाल्यानं विचारलं, कोन बिमार हाय सिस्टर? ह्या म्हणाल्या, घरी तापाचा पेशंट आहे. खोटं बोलायची सवय नव्हती आणि त्यांच्या हिशेबानं त्या खोटं बोलल्याही नव्हत्या. बर्फ गोणपाटात गुंडाळून आला. त्यांनी तो फोडून परातीत ठेवला आणि आम्ही दोघं परातीकडे बघत बसलो. तुकड्यांवर पाणी सुटायला लागलं तसा त्यांनी एक तुकडा टबात सोडला, ड्रमपासून लांब. मग हात पाण्यात. मग थोड्या वेळानं दुसरा.

काटा हलेना. मी दहादा विचारलं, उतरला का? शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं. बसायचं असेल तर पंखा घाला आणि तोंड बंद."

मी पंखा घालत राहिलो. हात भरून आले. कल्याणी दाराशी पाटावर बसून म्हणाली, दिवस माझे भरत आलेत आणि सेवा त्या ड्रमची चालली आहे. कोणी ऐकलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा अंगणात वानखडे काकू आल्या. हातात मोसंब्यांची पिशवी. रसवंतीवाल्याकडून कळलं म्हणाल्या, जावयाला ताप भरला ना, बघून जाते. मी आत लुंगीवर, हातात पंखा, शेजारी बीअरचा ड्रम. आता सगळ्या गल्लीत बोभाटा, असं मनाशी म्हणालो. सासूबाई दारात आडव्या झाल्या. आवाज वॉर्डातला.

"पेशंटचा आत्ताच डोळा लागला आहे. भेटायला मनाई आहे." आणि मोसंबी ठेवून घेतली. ती आम्ही संध्याकाळी सोलून खाल्ली, ड्रमच्या शेजारी बसून, कारण तेव्हा काटा बाविसावर आला होता आणि बाटलीतले बुडबुडे शहाण्यासारखे एकेक करून येत होते.

वीज आली आणि पंखा सुरू झाला, तरी त्या उठल्या नाहीत. झाकणावर हाताची पालथी बाजू ठेवून म्हणाल्या, "उतरतोय." थर्मामीटर बघितलाच नाही.

पुढचे दिवस त्या खोलीत दवाखान्यासारखी पाळी लागली. सकाळी त्यांची, दुपारी माझी, मग पुन्हा त्यांची. लुगडं सुकायच्या आत ओलं करायचं, टबातलं पाणी बदलायचं. तापमान त्यांनी वीस म्हणजे वीस ठेवलं. बाहेर डांबर मऊ पडत होतं, आणि ह्या घरात मातीच्या भिंती, गोणपाट आणि रसवंतीचा बर्फ यांच्यावर एक बाई वीस डिग्री धरून बसली होती. नाशिकला लाखोंच्या यंत्रांनी मी ते केलं होतं. इथे ते होताना पहिल्यांदा बघितलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाल्या, आधी ते पाणी बदला.

एकदाच आमचं वाजलं. बुडबुड्यांचा जोर ओसरला तसं मी म्हणालो, आता गोणपाटं काढू, थोडं चढू दे. त्या कडाडल्या, इतकं करून पुन्हा ताप आणायचा काय? मी समजावून सांगितलं की यीस्टनं सुरुवातीला जी घाण केलेली असते ती शेवटी तेच निस्तरतं, पण त्यासाठी त्याला जरा ऊब लागते. गारठलेलं राहिलं तर तसंच टाकून झोपतं. त्यांनी विचार केला.

"म्हणजे डिस्चार्जच्या आधी पेशंटला वॉर्डातून हिंडवायचं." आणि त्यांनी पहिलं गोणपाट काढलं. दुसरं दुसऱ्या दिवशी. ते मी सांगितलं नव्हतं, पण तसंच करायला हवं होतं.

बाटल्या भरायच्या आधी चव घेणं भाग होतं. घरात घ्यायची नाही, एवढी लाज मला होती. मी स्टीलची वाटी घेऊन घराच्या मागच्या भिंतीशी जायचो. स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला होती, पण झळा येतात म्हणून ती बंदच असायची. एक घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, नाकानं हवा सोडायची आणि थुंकून टाकायचा. मग चूळ. नाशिकला सगळे असंच करायचे. दिवसभरात तीस-तीस चवी घ्यायच्या असतात, गिळणाऱ्याची जीभ दुपारपर्यंत बोथट होते. पहिल्या दिवशी तो घोट फिरवला आणि वास शोधला. पॉलिशचा नाही. जळका नाही. बार्लीचा गोडवा, मागून फुलांचा कडवटपणा, बस. मी भिंतीला टेकून बसलो आणि मला रडू आलं. तीन-चार दिवस रोज जात राहिलो, बिघडलं तर नाही ना या धास्तीनं.

कोठावळे आले ते भर दुपारी, गाडीतून उतरताच हाश्शहुश्श करत. पिणं ओसरीवर, उंबऱ्याबाहेर, असा हुकूम होता. मी बाटली उघडली. त्यांनी पेला उजेडाला धरला, वास घेतला, प्याले, पुन्हा वास घेतला. हा माणूस खोट शोधत होता. कल्याणी दाराच्या आत खुर्ची धरून उभी. सासूबाई भिंतीशी बसून वाती वळत होत्या, जणू ह्यांच्याशी आपला काही संबंध नाही.

"खराडे," ते शेवटी म्हणाले, "कूलिंग कुठलं वापरलंत? इथे, ह्या दिवसांत, हे शक्य नाही."

मी सासूबाईंकडे हात केला. कोठावळे गोंधळले. सासूबाई वातीवरून नजर न काढता म्हणाल्या, "गोणपाट आणि रसवंतीचा बर्फ."

ते हसले आणि मग हसायचे थांबले, कारण आम्ही कोणी हसत नव्हतो. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी दुसरा पेला भरून घेतला आणि अदबीनं सासूबाईंपुढे धरला. म्हणाले, बाई, मग पहिला मान तुमचा होता.

"मी पेशंटला चाखून बघत नाही," सासूबाई म्हणाल्या.

नोकरी मला मिळाली. पुढल्या महिन्यात या, राहायची सोय करतो, कुटुंबाला घेऊन या, असं म्हणून कोठावळे गेले. कुटुंबाला. गाडी वळणाआड गेली तरी मी फाटकाशीच उभा होतो. आनंद व्हायला हवा होता आणि पाय घराकडे वळत नव्हते. आत आलो तर ओसरीवर कल्याणी एकटीच, डोळे पुसत. मान हलवून तिनं मधल्या खोलीकडे दाखवलं.

सासूबाई खिडकीच्या दांडीवरचे सुतळीचे तुकडे सोडत होत्या. माझ्याकडे पाठ होती.

"तो तबकडीचा थर्मामीटर पेटीत घाला तुमच्या. पुण्याला लागेल."

मी हो म्हणालो. मग धीर करून म्हणालो, "आई, आणि कल्याणी?"

"बाळ सव्वा महिन्याचं झालं की मीच घेऊन येते तिला."

त्यांनी सुतळीची गाठ सोडवली, तुकडा बोटाभोवती गुंडाळला.

"मागच्या भिंतीशी वाटी घेऊन जायचात तुम्ही," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी खिडकीच्या फटीतून बघितलं. म्हटलं, आलं. सुरू झालं. मला वाटलंच होतं. तोंडात घेतलीत." त्यांनी सुतळी बोटावरून सोडवली. "आणि थुंकलीत."

"आई, ती आमच्या धंद्यातली सवय आहे."

"सवयच तर लागते माणसाला." त्या वळल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज वॉर्डातलाच होता. "दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज थुंकलीत, चूळ भरलीत आणि येऊन पंखा घालायला बसलात. इतकी वर्षं ह्यांच्यासोबत काढली मी. रडून झालं, पाया पडून झालं, बाटल्या फोडून झाल्या. तोंडात गेलेली बाहेर टाकता येते, हे मी कधी बघितलंच नव्हतं, जावईबापू."

मग त्या फोटोपाशी गेल्या आणि तो सरळ केला. भाऊराव पुन्हा खोलीत बघायला लागले, तरुण, कुरळ्या केसांचे, खिशाला रंगांचे दोन ब्रश.

"बघा," त्या फोटोला म्हणाल्या, "थुंकताही येते."

आणि पदराचं टोक ओलं करून फोटोची काच पुसायला लागल्या.